सनावळ्यांची सुट्टी

रविवारची सकाळ, आतेबहिणीचं बाणेरचं घर, प्लेटमध्ये कांदेपोहे आणि समोर हंगेरीची एक पाहुणी. ताईच्या ऑफिसात तीन महिन्यांच्या प्रोजेक्टवर आलेली. वय एकतीस. पोह्यांतले शेंगदाणे तेवढे वेचून आधी संपवणारी. (नाव छापायचं नाही अशी तिची अट आहे. आपण तिला बुडापेस्टवाली म्हणू.)

गप्पा सुट्ट्यांवर आल्या. म्हणजे शाळा संपल्यावरच्या त्या पहिल्यावहिल्या मोठ्ठ्या सुट्टीवर. आमच्या ग्रुपने गोव्याचा प्लॅन केला होता आणि आम्ही लोणावळ्यापर्यंत पोचलो होतो, हे मी प्रामाणिकपणे कबूल केलं. ताईने ड्रायव्हिंगचा क्लास लावला होता. बुडापेस्टवाली म्हणाली, "मी इतिहासाच्या समर अकॅडमीला गेले होते. जर्मनीत. दहा दिवस."

मी आणि ताईने एकमेकींकडे पाहिलं. इतिहास? सुट्टीत? आणि कुणी जबरदस्ती न करता?

तुमचं-माझं इतिहासाशी काय नातं होतं ते वेगळं सांगायला नको. 'कारणे द्या', 'टिपा लिहा', 'कोण कोणास म्हणाले'. परीक्षेच्या सकाळी रिक्षात बसून घोकलेल्या सनावळ्या, आणि पेपर टाकून बाहेर आलो की सगळं साफ. त्यामुळे माझा पहिला प्रश्न एकदम बाळबोध होता. तिथे परीक्षा असते का?

नसते म्हणे. लेक्चर्सही फारशी नाहीत. एका खेड्यातलं जुनं मोठं घर, अठरा-एकोणीस वर्षांची वीसेक मुलंमुली, प्रत्येक जण वेगळ्या देशातला किंवा निदान वेगळ्या भाषेतला. बोलायचं इंग्रजीत, आणि ते सगळ्यांचंच मोडकंतोडकं, त्यामुळे कुणाला भाव खायला वाव नाही. भांडी घासायच्या पाळ्या लावलेल्या. खोल्यांच्या जोड्याही आयोजकांनी मुद्दाम लावलेल्या. का मुद्दाम, ते पुढे येईलच. येताना एकच गोष्ट आणायची होती, घरातली एखादी जुनी वस्तू आणि तिच्यामागची घरात सांगितली जाते ती गोष्ट.

घरी येऊन मी थोडी शोधाशोध केली. (फ्रीलान्सरला रविवार नसतो.) अशा अकॅडम्या युरोपात बऱ्याच, आणि त्यातल्या एका मोठ्या गोतावळ्याची सुरुवात फार छान आहे. १९७३ मध्ये पश्चिम जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष गुस्ताव हाइनेमान आणि हॅम्बुर्गचे उद्योगपती कुर्ट क्योर्बर यांनी शाळकरी मुलांसाठी इतिहासाची स्पर्धा सुरू केली. फंडा साधा होता. पुस्तकातलं उतरवून आणायचं नाही. आपल्या गावातला विषय घ्यायचा, नगरपालिकेच्या दप्तरात शिरायचं, म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं आणि जे सापडेल ते लिहायचं. पुढे इतर देशांतही अशा स्पर्धा निघाल्या. २००१ मध्ये क्योर्बर फाउंडेशनने पुढाकार घेऊन त्या सगळ्यांची 'युस्टोरी' नावाची मोट बांधली आणि निरनिराळ्या देशांतले विजेते अकॅडम्यांमध्ये एकत्र भेटू लागले.

ऐकायला सगळं गोड गोड वाटतं, नाही? पण शाळकरी मुलांना दप्तरात शिरू दिलं की काय होतं, ते पासाउ नावाच्या गावाला विचारा. १९८० च्या आसपास तिथल्या आना रोसमुस या विशीच्या मुलीने निबंधासाठी विषय घेतला, हिटलरच्या काळातलं आपलं गाव. गावातले मोठे लोक नाझींच्या विरोधात होते, हे ऐकतच ती मोठी झाली होती. कागद वेगळंच सांगू लागले. मग दारं बंद व्हायला लागली, कागदपत्रं मिळेनाशी झाली, ती कोर्टात गेली, धमक्या आल्या. पठ्ठीने निबंधाचं पुस्तक केलं, ते १९८३ मध्ये आलं. १९९० मध्ये तिच्यावरून 'द नॅस्टी गर्ल' हा सिनेमा निघाला आणि ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला. ती स्वतः १९९४ मध्ये गाव सोडून अमेरिकेला गेली. निबंध लिहिला, इतकंच झालं होतं.

तर, बुडापेस्टवालीची वस्तू. तिने आजीचा एक फोटो नेला होता. सप्टेंबर १९४०, कोलोझ्वार शहर. आठ वर्षांची आजी वडिलांच्या खांद्यावर बसलीय, हातात फुलं, समोरून हंगेरीचं सैन्य शहरात येतंय. आजीच्या लेखी तो आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस. आपलं शहर आपल्या देशात परत आलं तो दिवस.

इथे थोडा भूगोल लागेल. पहिल्या महायुद्धात हंगेरी हरलेल्या बाजूला होता. ४ जून १९२० ला ट्रियानोंचा तह झाला आणि देशाचा जवळजवळ दोन तृतीयांश भाग शेजाऱ्यांकडे गेला. त्यात ट्रान्सिल्व्हेनिया (हो, तेच ड्रॅक्युलावालं) रोमानियाला मिळालं. तीसएक लाख हंगेरियन माणसं घर न सोडता परदेशी झाली. आजही हंगेरीत गाड्यांच्या मागे जुन्या, अखंड देशाच्या नकाशाचे स्टिकर दिसतात. मग ऑगस्ट १९४० मध्ये हिटलर आणि मुसोलिनीच्या सरकारांनी व्हिएन्नात बसून नकाशावर नवी रेघ मारली, ट्रान्सिल्व्हेनियाचा उत्तरेचा भाग हंगेरीला परत दिला, आणि आजीच्या हातात फुलं आली.

फोटो दाखवून झाला. पुढचा नंबर तिच्या रूममेटचा. मुलगी रोमानियाची, क्लुजची. क्लुज म्हणजेच कोलोझ्वार. (जर्मन लोक क्लाउजेनबुर्ग म्हणतात. एका शहराला तीन नावं, आणि कुठलं तोंडात येतं त्यावरून तुम्ही कोण ते कळतं.) तिने पणजोबांचं विद्यापीठाचं ओळखपत्र आणलं होतं. पणजोबा क्लुजच्या रोमानियन विद्यापीठात कारकून. सप्टेंबर १९४० मध्ये ते विद्यापीठच तिथून उठलं आणि त्याचा बराचसा भाग सिबिउ शहरात गेला. पणजोबाही गेले. दोन ट्रंका आणि तीन मुलं घेऊन.

तोच महिना, तेच शहर. एकीकडे फुलं आणि एकीकडे ट्रंका.

"मग? भांडलात?" ताईने विचारलं. ताईला थेट मुद्द्यावर यायची सवय आहे.

"दोन दिवस बोललो नाही. आणि खोली एकच. दात घासायलाही बेसिन एकच," बुडापेस्टवाली म्हणाली. "मला वाटत होतं तिने निदान सॉरी म्हणावं. नंतर कळलं, ती माझ्या सॉरीची वाट बघत होती."

मी हसले, पण मला एकदम हॉस्टेल आठवलं. मास कॉमला असताना माझी रूमी धारवाडची होती. मराठी झक्कास बोलायची, पण घरी फोनवर कन्नड. माझी मावशी बेळगावची. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, म्हणून त्या तारखेला मावशीकडे काळा दिवस. काका दंडाला काळी फीत लावून मोर्चाला जायचे. रूमीकडे तीच तारीख म्हणजे राज्योत्सव, लाल-पिवळे झेंडे, शाळेत गाणी. दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहिलो. मॅगी, शाम्पू, ब्रेकअप, सगळं शेअर केलं. १ नोव्हेंबर दोनदा येऊन गेला आणि आम्ही दोघींनी तो विषय इतक्या शिताफीने टाळला की टाळतोय हेही कधी बोललो नाही. आम्ही त्याला मैत्री समजत होतो. होतीही बहुधा.

अकॅडमीत टाळायची सोय नव्हती. दोघींना एकच काम मिळालं. त्या शहराचा १९४० ते १९४४ चा कालपट मिळून तयार करायचा. एका तक्त्यावर, एकाच शाईने, आणि प्रत्येक ओळीला कागदाचा पुरावा. आजी म्हणते, पणजोबा म्हणायचे, हे चालेल, पण ते 'आजी म्हणते' असंच लिहायचं.

तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या बाईंनी दोघींसमोर आणखी एक कागद ठेवला. त्यात ना फुलं होती ना ट्रंका. शहराच्या कडेची एक वीटभट्टी होती. मे १९४४ मध्ये शहरातल्या आणि आसपासच्या हजारो ज्यूंना हंगेरियन पोलिसांनी तिथे, विटा वाळवायच्या छपरांखाली कोंडलं. मे-जूनमध्ये आगगाड्या भरून त्यांना आउश्वित्झला नेलं. आख्ख्या हंगेरीतून १५ मे ते ९ जुलै १९४४ या आठेक आठवड्यांत सुमारे ४ लाख ३७ हजार माणसं अशी नेली गेली. नकाशावर १९४० साली मारलेल्या त्या रेघेमुळे क्लुज हंगेरीत आलं होतं. म्हणून त्या गाड्या क्लुजहूनही सुटल्या.

"आम्ही दोघी शहर कुणाचं यावर भांडत होतो," बुडापेस्टवाली म्हणाली, "आणि त्याच शहरातली हजारो माणसं आमच्या दोघींच्याही गोष्टीत नव्हतीच. तिच्या घरी कुणी सांगितली नव्हती, कारण ते तेव्हा तिथे नव्हते. पण माझी आजी होती."

पोहे गार झाले होते. ताई उठून चहा टाकायला गेली नाही, यावरून काय ते समजा.

ती घरी परतली आणि आठवडाभर गप्प राहिली. मग एका दुपारी तिने आजीला विचारलं. वीटभट्टीबद्दल नाही, तेवढा धीर झाला नाही. तिने विचारलं, आजी, १९४४ च्या मे महिन्यात तू काय करत होतीस? आजी तेव्हा बारा वर्षांची. आजी बराच वेळ टेबलावरचा रुमाल सरळ करत राहिली. मग म्हणाली, मी पियानो शिकायला जायचे. दोन गल्ल्या सोडून एक बाई होत्या, फार कडक. एक दिवस आई म्हणाली, उद्यापासून जायचं नाही, त्या गेल्या. कुठे, ते मी विचारलं नाही. प्रॅक्टिस सुटली म्हणून मला आनंद झाला होता.

बाईंचं नाव आजीला आठवत होतं. बुडापेस्टवालीने ते एका चिठ्ठीवर लिहून घेतलं. आजी आता नाही. चिठ्ठी आहे.

आता माझ्यातली पत्रकार जागी झालीच. म्हटलं, हे सगळं ठीक, पण दहा दिवसांच्या शिबिराने होतं काय? नकाशे बदलतात? ती म्हणाली, नाही. हंगेरीत ४ जून हा दिवस २०१० पासून राष्ट्रीय एकतेचा म्हणून पाळतात. २०२० साली रोमानियाच्या संसदेनेही कायदा करून तोच दिवस ट्रियानों तहाचा दिवस म्हणून साजरा करायचं ठरवलं. म्हणजे फुलं आणि ट्रंकांची फक्त अदलाबदल. सरकारांचं आपलं चालूच असतं.

पण कधीकधी पोरंही सरकारांना कामाला लावतात. २००३ च्या जानेवारीत, फ्रान्स-जर्मनी मैत्री कराराला ४० वर्षं झाली म्हणून दोन्ही देशांतल्या सुमारे पाचशे विद्यार्थ्यांची बर्लिनमध्ये 'युवा संसद' भरवली होती. अशा ठिकाणी ठराव वगैरे होतात, फोटो निघतात, सँडविच मिळतं आणि सगळे घरी जातात. या मुलांनी मागणी केली की दोन्ही देशांच्या शाळांत इतिहासाचं एकच पुस्तक हवं, मजकूर तोच, फक्त भाषा वेगळी. पहिला भाग २००६ मध्ये छापून आला, तिसरा २०११ मध्ये. पुढे जर्मनी आणि पोलंडनेही असं पुस्तक केलं, चार भागांचं, २०१६ ते २०२०. ज्या दोन देशांमधल्या जखमा बघता ते कधी होईल असं कुणी पैजेवरही म्हटलं नसतं.

आणि कधी उलटंही होतं. रशियात 'मेमोरियल' ही संस्था १९९९ पासून शाळकरी मुलांसाठी अशीच स्पर्धा घ्यायची, युस्टोरीच्या गोतावळ्यातलीच. दूरदूरच्या खेड्यांतली मुलं आपल्या घरातून स्टालिनच्या काळात कोण उचललं गेलं, कोण परत आलं नाही, हे शोधून लिहायची. २०१६ च्या एप्रिलमध्ये मॉस्कोत बक्षीस समारंभाला येणाऱ्यांवर बाहेर जमलेल्या टोळक्याने अंडी फेकली. लेखिका ल्युदमिला उलित्स्काया यांच्या तोंडावर हिरवं औषध फेकलं. बक्षीस घ्यायला आलेली मुलं होती हो ती. २८ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने मेमोरियल बंद करण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षीच्या शांततेच्या नोबेलमध्ये तिचा वाटा होता. स्पर्धा मात्र गेली.

बुडापेस्टवालीला तिच्या अकॅडमीतला एक रशियन मुलगा आठवतो. त्याने पणजीचा लाकडी चमचा आणला होता. छावणीतून परत आलेला. चमचा आला होता, पणजी नाही. आता तो कुठे आहे हे ग्रुपमध्ये कुणालाच माहीत नाही.

क्लुजची मुलगी मात्र संपर्कात आहे. गेल्या वर्षी तिच्या लग्नाला बुडापेस्टवाली गेली होती. शहर कुणाचं यावर दोघींचं अजून एकमत नाही. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, नवरीच्या डोळ्यांवर झोप असताना, दोघी चिठ्ठी घेऊन ती गल्ली शोधत हिंडल्या. गल्ली सापडली. घर कोणतं ते नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर मी फोन घेतला. रूमीचा नंबर होता, डीपीमध्ये तिचा मुलगा. शेवटचा मेसेज दिवाळीचा, दोघींकडूनही फॉरवर्ड केलेला. टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. "एक विचारू? शाळेत असताना १ नोव्हेंबरला तुम्ही घरी काय करायचात?"

दोन निळ्या खुणा आल्या. मग बराच वेळ काही नाही. मग, "का गं? स्टोरी करतेयस?"

लिहिलं, "नाही. तेव्हा विचारायचं राहिलं."

टायपिंग... टायपिंग... थांबलं. मग फोनच वाजला.