गाळलेलं पाणी आणि काचेचा मांजा



आज थोडं कडू लिहिणार आहे. तिळगुळाच्या दिवसांत कडू बोलू नये म्हणतात, पण गेल्या संक्रांतीपासून हे मनात साचलंय.

महाडला आमच्या गल्लीमागच्या पिंपळावर एक गायबगळा लटकत होता. पंखाला मांजा गुंडाळलेला. सुटायला धडपडायचा तसा दोरा आणखी खोल जायचा. शिडी आणेपर्यंत तो शांत झाला. आमच्या गच्चीवर फिरकी पडली होती. मांजा कुणाचा ते कळलं नाही. पण माझ्या मुलाला तसाच मांजा मीच पैसे देऊन आणून दिला होता. तेव्हा हे बोट आधी माझ्याकडे आहे.

आपण पाणी गाळतो, कंदमूळ टाळतो, मुंगी दिसली तर झाडू बाजूला ठेवतो. आणि त्याच हाताने मुलाला काच लावलेला दोरा देतो! पाठशाळेत शिकलोय ना, पाप तीन वाटांनी लागतं: करण्याने, करवण्याने, अनुमोदनेने. पतंग काटतो मुलगा. मांजा आणते आई. पेच जिंकला की टाळ्या वाजवतो सगळं घर. सांगा, यातून कोण सुटलं? श्रावकाच्या बारा व्रतांत अनर्थदंड विरमण आहे. विनाकारण होणारी हिंसा टाळायची, आणि हिंसेचं साधन दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाही. याहून स्पष्ट काय सांगायला हवं?

"आम्ही नायलॉन नाही, सुतीच आणतो," असं एकजण म्हणाल्या. ताई, सुताला काच लावली की तेही कापतंच. राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ ला नायलॉनच्या आणि कृत्रिम मांज्यावर देशभर बंदी घातली. दिल्ली सरकारने तर त्याच वर्षी काच, धातू काहीही न लावलेल्या साध्या सुती दोऱ्यालाच परवानगी दिली. आणि गोष्ट फक्त पाखरांची नाही. २०१८ मध्ये पुणे परिसरात दुचाकीवर निघालेल्या दोन महिलांचे गळे मांज्याने चिरले आणि जीव गेले. आपल्याही मुली-सुना स्कूटरवर बाजारात जातातच की.

"आपण नाही विकला तर दुसरा विकेल." हे आपल्याच दुकानांतून ऐकलंय, म्हणून जास्त लागतं. दुसरा मटणही विकतो. आपण विकतो का?

पतंग सोडा, असं मी म्हणत नाही. पतंग वाऱ्यावर उडतो, काचेवर नाही. काच लागते फक्त दुसऱ्याचा कापायला. माझं माहेर पोलादपूरचं. कापणी झालेल्या भातखाचरांत आम्ही शिवणाच्या साध्या दोऱ्यावर पतंग उडवायचो. एकीने पंधरा-वीस पावलांवर पतंग धरायचा, दुसरीने वाऱ्याकडे पाठ करून दोरा ताणायचा आणि झुळूक आली की सोडायचा. गोते खाल्ले तर शेपटी लांबवायची. बोट कधी कापलं नाही, मजा कधी कमी पडली नाही.

यंदा आमच्या घरी एवढं ठरलंय. साधा सुती दोराच. गच्ची नको, विजेच्या तारांपासून दूर मोकळं रान. तारेत पतंग अडकला तर तो गेला, काठी किंवा सळई घेऊन मागे लागायचं नाही. भल्या पहाटे आणि सांजेला पतंग नाही, कारण तेव्हा पाखरांची जाण्यायेण्याची वेळ. सूर्यास्ताआधी आपण चौविहारासाठी लगबग करतो, त्याच वेळी बगळे सावित्रीकाठच्या झाडांवर परततात. त्यांना घरी पोचू द्या. शेवटी तुटका दोरा गोळा करूनच परतायचं. नायलॉन कुजत नाही, मागच्या वर्षीचा यंदाही फांदीवर असतो.

मुलगा दोन दिवस रुसला. मग विचारलं, "आई, मग कापायचं कसं?" म्हटलं, "कापायचं नाही, उंच न्यायचं."

संवत्सरीला आपण सगळ्या जीवांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. त्या बगळ्याला मी कोणत्या तोंडाने म्हणू, ते मला अजून सुचलेलं नाही. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, म्हणून हे लिहिलं. यंदा बाजारात जाल तेव्हा साधा दोरा मागा. दुकान आपलंच असेल, तर मांजा ठेवूच नका.