विश्लेषण : मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेला देणगी मिळते, ऑप्टोमेट्रीच्या शिक्षणाला का नाही?

नेत्रसेवा हे देणगीदारांचे आवडते क्षेत्र. नवी मुंबई, पनवेल आणि रायगडमध्येही धर्मादाय पैशातून शस्त्रक्रिया होतात, शिबिरे भरतात, शाळांमध्ये चष्मे वाटले जातात. मात्र डोळा तपासून नंबर काढणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्टच्या शिक्षणासाठी आणि त्या विषयातील संशोधनासाठी पैसा उभा करणे तुलनेने कठीण जाते. याचे कारण केवळ देणगीदारांची उदासीनता हे नाही. सीएसआर, परदेशी निधी आणि करसवलत यांचे नियमही त्याला कारणीभूत आहेत.

ऑप्टोमेट्रिस्ट म्हणजे नेमके कोण?

चष्म्याच्या दुकानात काच बसवून देणारा तो ऑप्टिशियन. औषधोपचार आणि शस्त्रक्रिया करणारे नेत्ररोगतज्ज्ञ हे एमबीबीएसनंतर पदव्युत्तर शिक्षण घेतलेले डॉक्टर असतात. ऑप्टोमेट्रिस्टचे काम या दोहोंच्या मधले. दृष्टी तपासणे, चष्म्याचा किंवा कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर ठरवणे, लहान मुलांमधील आळशी डोळा ओळखणे, काचबिंदू किंवा मधुमेहाची पडद्यावरील लक्षणे दिसली तर रुग्णाला वेळीच डॉक्टरांकडे पाठवणे ही त्याची जबाबदारी. बी.ऑप्टोमचा प्रचलित अभ्यासक्रम चार वर्षांचा असून त्यातील शेवटचे वर्ष रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे असते.

भारतात या शिक्षणाला बराच काळ एकसमान चौकट नव्हती. नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स कायदा २०२१ मध्ये झाला आणि ऑप्टोमेट्रीला कायद्याने व्यवसायाचा दर्जा मिळाला. केंद्राने २०२५ मध्ये दहा व्यवसायांसाठी नवे अभ्यासक्रम जाहीर केले. ऑप्टोमेट्री त्यांपैकी एक आहे.

मनुष्यबळाची गरज किती?

दर १० हजार लोकांमागे एक ऑप्टोमेट्रिस्ट असावा, असे प्रमाण या क्षेत्रात नेहमी सांगितले जाते. १४० कोटी लोकसंख्येला ते लावले तर १ लाख ४० हजार ऑप्टोमेट्रिस्ट लागतील. शिबिरे भरवून ही गरज भागणार नाही, कारण शिबिरात बसायलाही प्रशिक्षित माणूस लागतोच.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार, नंबर असल्यामुळे दूरचे नीट न दिसणाऱ्यांपैकी जगभरात केवळ ३६ टक्के लोकांना योग्य चष्मा मिळतो. संघटनेने मे २०२४ मध्ये ‘स्पेक्स २०३०’ हा उपक्रम सुरू केला. त्याच्या पाच आधारस्तंभांत चष्म्याच्या किमतीइतकेच स्थान मनुष्यबळाला आहे.

नवी मुंबई परिसरात काय चित्र आहे?

पनवेलमध्ये डॉ. सुहास हळदीपूरकर यांनी उभारलेली लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट ही या भागातील जुनी संस्था. लक्ष्मी चॅरिटेबल ट्रस्टमार्फत ग्रामीण भागात नेत्रसेवा आणि त्याच समूहात ऑप्टोमेट्रीचे महाविद्यालय, अशी तिची रचना आहे. न्यू पनवेलमध्ये झुनझुनवाला कुटुंबाच्या देणगीतून उभे राहिलेले आर. झुनझुनवाला शंकरा नेत्र रुग्णालय आहे. शंकरा संस्थेचे सूत्र ८०:२० असे आहे. म्हणजे २० टक्के रुग्णांनी दिलेल्या शुल्काच्या आणि देणग्यांच्या आधारावर ८० टक्के रुग्णांना मोफत सेवा. कामोठ्यातील एमजीएम अभिमत विद्यापीठातही ऑप्टोमेट्रीचे शिक्षण दिले जाते.

रुग्णालये, रुग्ण, महाविद्यालये आणि देणगीदार हे चारही घटक पंधरा-वीस किलोमीटरच्या परिघात आहेत. तरीही विद्यार्थ्यांची फी आणि संशोधकांचे मानधन यांसाठी ठरावीक, दीर्घकाळ टिकणारा निधी अशी व्यवस्था सहजी दिसत नाही. देणगीच्या आवाहनांत सहसा ‘एवढ्या रुपयांत एक शस्त्रक्रिया’ असा हिशेब असतो. शस्त्रक्रियेचा परिणाम दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर दिसतो. शिकवलेल्या विद्यार्थ्याचा परिणाम दिसायला चार वर्षे लागतात, संशोधनाचा दिसायला त्याहून अधिक.

शिक्षणाला देणगी मिळाली तर काय होते?

दोन उदाहरणे बोलकी आहेत. चेन्नईच्या शंकर नेत्रालयाने १९८५ मध्ये एलिट स्कूल ऑफ ऑप्टोमेट्री सुरू केली. चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम देणारी ही देशातील पहिली संस्था. ती धर्मादाय रुग्णालयाच्या आधाराने उभी राहिली, त्यामुळे विद्यार्थ्यांना रुग्ण पाहण्याची संधी पहिल्यापासून मिळाली.

दुसरे उदाहरण हैदराबादचे. चित्रपट निर्माते एल. व्ही. प्रसाद यांच्या कुटुंबाने १ कोटी रुपये आणि ५ एकर जमीन दिली आणि १९८७ मध्ये तेथे त्यांच्या नावाची नेत्रसंस्था सुरू झाली. पुढे याच संस्थेत ऑप्टोमेट्रीचे शिक्षण आणि संशोधन वाढले. त्या विभागाला आता ऑस्ट्रेलियन संशोधक ब्रायन होल्डन यांचे नाव आहे. होल्डन यांच्या सिडनीतील ना-नफा संस्थेने कॉन्टॅक्ट लेन्सच्या शोधांतून मिळालेले स्वामित्वधन पुन्हा संशोधनात आणि सेवेत घातले. २०५० पर्यंत जगातील निम्मी लोकसंख्या मायोपियाग्रस्त, म्हणजे लघुदृष्टीची असेल, हा बहुचर्चित अंदाज २०१६ मध्ये याच संस्थेच्या पुढाकाराने मांडला गेला.

संशोधनासाठी धर्मादाय पैसाच का हवा?

लेन्स आणि औषधे बनवणाऱ्या कंपन्या संशोधनावर मोठा खर्च करतात. तो उपयोगीही असतो. पण कंपनी तोच प्रश्न हाती घेते, ज्याच्या उत्तरातून विकण्याजोगी वस्तू निघेल. काही महत्त्वाच्या उत्तरांतून विकण्याजोगे काहीच निघत नाही.

चीनमधील ग्वांगझू शहरातील १२ शाळांत असा एक प्रयोग झाला. पहिलीच्या मुलांना शाळेत रोज ४० मिनिटे जादा वेळ मोकळ्या हवेत घालवायला लावले. तीन वर्षांनंतर या गटातील ३०.४ टक्के मुलांना मायोपिया झाला होता. ज्या शाळांत असा तास नव्हता तेथे हे प्रमाण ३९.५ टक्के होते. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षातून कोणाला पेटंट मिळणार नाही, फायदा मात्र लाखो मुलांचा आहे. कोपरखैरणे किंवा खारघरच्या शाळांत, इथल्या उन्हात, मैदान लहान असताना आणि शाळेनंतर क्लास असताना हाच उपाय किती चालेल? याचे उत्तर इथेच शोधावे लागेल.

दुसरा अभ्यास आसामच्या चहामळ्यातला. चाळिशी उलटलेल्या ७५१ कामगारांपैकी एका गटाला जवळचे दिसण्याचा साधा चष्मा देण्यात आला. चष्मा न मिळालेल्या गटाच्या तुलनेत त्यांची पाने खुडण्याची उत्पादकता सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. २०१८ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाला ‘क्लिअरली’ या दृष्टिविषयक मोहिमेने पैसा दिला होता. या एका आकड्यामुळे चष्मा ही केवळ आरोग्याची नव्हे, तर मजुरीचीही बाब आहे हे धोरणकर्त्यांना दाखवता आले. उरण-करंजाच्या बंदरावर जाळी दुरुस्त करणाऱ्यांसाठी किंवा घरी शिलाईकाम करणाऱ्या महिलांसाठी असा अभ्यास करता येईल.

मग सीएसआरचा पैसा का वळत नाही?

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींची निव्वळ मालमत्ता, १ हजार कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपनीला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. ती कशावर करावी याची यादी परिशिष्ट ७ मध्ये आहे. आरोग्य आणि शिक्षण दोन्ही त्यात आहेत, त्यामुळे शस्त्रक्रिया, चष्मेवाटप आणि शिष्यवृत्ती सहज बसतात.

गाडी अडते ती संशोधनावर. विज्ञान आणि वैद्यकातील संशोधनाची स्वतंत्र नोंद यादीत आहे, पण ती मुख्यतः सरकारी पैशावर चालणारे प्रकल्प, सार्वजनिक विद्यापीठे, आयआयटी आणि आयसीएमआरसारख्या संस्थांपुरती आहे. खासगी ट्रस्टच्या महाविद्यालयातील संशोधन तिच्यात थेट बसत नाही. ते आरोग्य किंवा शिक्षण या शीर्षकाखाली मांडावे लागते. परिशिष्टाचा अर्थ उदारपणे लावावा, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०१४ मध्येच स्पष्ट केले होते. तरीही लेखापरीक्षणात प्रश्न नकोत म्हणून कंपनीने निर्विवाद पर्याय निवडणे स्वाभाविक आहे.

दुसरी अडचण मुदतीची. सीएसआरचा ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून तीन वर्षांहून लांब असू शकत नाही. मुलांचा नंबर पहिलीपासून दहावीपर्यंत कसा वाढतो हे पाहायचे तर दहा वर्षे लागतात. पीएचडीलाही बहुधा चार-पाच वर्षे जातात.

परदेशी निधी आणि वैयक्तिक देणग्यांचे काय?

परदेशी देणगीसाठी एफसीआरए नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीने एका नोंदणीकृत संस्थेला परदेशी निधी दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास बंदी घातली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आणली. पूर्वी मोठी संस्था निधी आणून छोट्या महाविद्यालयांना संशोधनासाठी वाटू शकत होती. आता तो मार्ग बंद आहे.

वैयक्तिक देणगीदारांना ८०जी या नावाने परिचित असलेली वजावट मिळते, पण ती जुन्या करप्रणालीतच. २०२३-२४ पासून नवी करप्रणाली हा मूळ पर्याय झाला आहे आणि तिच्यात ही वजावट नाही. त्यामुळे पगारदार देणगीदाराचे एक प्रोत्साहन कमी झाले.

एका संशोधकाला खर्च किती येतो?

जानेवारी २०२३ पासून यूजीसीची कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती महिना ३७ हजार आणि वरिष्ठ ४२ हजार रुपये आहे. हाच दर धरला तर पहिली दोन वर्षे ८ लाख ८८ हजार आणि पुढची तीन वर्षे १५ लाख १२ हजार, असे पाच वर्षांचे २४ लाख रुपये होतात. घरभाडे आणि उपकरणे वेगळी.

आता तुलना पाहा. सरासरी ५ कोटी नफा असलेल्या कंपनीची सीएसआरची रक्कम वर्षाला १० लाख येते. म्हणजे अशा एका कंपनीच्या सुमारे निम्म्या रकमेत एका संशोधकाचे वर्षभराचे मानधन निघते. कायदा कंपनीला स्थानिक भागाला प्राधान्य द्यायलाही सांगतो. ठाणे-बेलापूर पट्टा, तळोजा आणि पाताळगंगा या औद्योगिक वसाहती पनवेलच्या आसपासच आहेत.

इतर देशांत काय केले जाते?

अमेरिकेत १९४७ मध्ये अमेरिकन ऑप्टोमेट्रिक फाउंडेशन स्थापन झाले. पदव्युत्तर संशोधन करणाऱ्यांना दिली जाणारी तेथील एझेल फेलोशिप संस्थापक विल्यम एझेल यांच्या नावाने आहे. या रचनेत पैसा इमारतीला न जाता संशोधक विद्यार्थ्याला मिळतो आणि निवड व्यवसायातील जाणकार करतात. देणगीदार बदलला तरी फेलोशिप चालू राहते.

विद्यार्थी आणि देणगीदारांनी काय पाहावे?

प्रवेश घेणाऱ्यांनी विद्यापीठाची संलग्नता, महाविद्यालयाला जोडलेले रुग्णालय आणि इंटर्नशिपमध्ये प्रत्यक्ष किती रुग्ण तपासायला मिळतात हे विचारावे. ट्रस्टचे महाविद्यालय असेल तर फी सवलतीचा किंवा शिष्यवृत्तीचा लेखी नियम मागावा.

देणगीदारांनी रक्कम शिष्यवृत्तीसाठी आहे, उपकरणांसाठी की संशोधनासाठी, हे लेखी नमूद करावे. वर्षाअखेरीस किती विद्यार्थी शिकले आणि त्यांतले किती याच जिल्ह्यात काम करू लागले, असा हिशेब मागावा. किती शस्त्रक्रिया झाल्या, एवढ्याच प्रश्नावर देणगी मिळत राहिली तर संस्थाही तेवढेच मोजत राहतील.

पुढे काय?

नव्या अभ्यासक्रमामुळे महाविद्यालयांना पात्र शिक्षक आणि अधिक सुसज्ज प्रयोगशाळा लागतील. हा खर्च फीमधून वसूल झाला तर उरण, पेण, कर्जतच्या विद्यार्थ्यांसाठी हे शिक्षण आणखी महाग होईल आणि ग्रामीण भागात काम करायला तयार असणारेच बाहेर राहतील. शिष्यवृत्तीला सीएसआरच्या नियमांत आजही अडसर नाही, त्यामुळे सुरुवात तेथून होऊ शकते. खासगी धर्मादाय संस्थांतील संशोधनासाठी मात्र परिशिष्ट ७ मधील नोंद रुंदावण्याचा आणि प्रकल्पाची मुदत वाढवण्याचा निर्णय केंद्रालाच घ्यावा लागेल.