राजा नीलदंत व लुटीचा नियम

ज्यांच्या खिशांत मोबाइल आहे अशा बहुतेकांच्या तोंडीं ‘ब्लूटूथ’ हा शब्द दिवसांतून एकदां तरी येतोच. परंतु तें मुळांत एका राजाचें उपनांव आहे, हें जाणणारे थोडे. दहाव्या शतकांत डेन्मार्कवर राज्य करणारा हॅराल्ड, गोर्म राजाचा पुत्र, यास ‘नीलदंत’ या अर्थाचें हें उपनांव मिळालें. १९९७ सालीं इंटेल कंपनीतील जिम कार्डक या अभियंत्यानें संगणक व दूरध्वनी यांस बिनतारी जोडणाऱ्या नव्या योजनेस या राजाचें नांव सुचविलें. विखुरलेल्या डेन लोकांस ज्यानें एका छत्राखालीं आणिलें, त्याचें नांव परस्परांशीं न बोलणाऱ्या यंत्रांस जोडणाऱ्या युक्तीस शोभेल, असा त्याचा विचार होता. नांव तात्पुरतें म्हणून घेतलें होतें, तें कायम झालें. मोबाइलवर दिसणारी ती खूण म्हणजे जुन्या रून लिपींतील या राजाच्या नांवाचीं व उपनांवाचीं आद्याक्षरें एकांत एक गुंफून केलेली आकृति होय.

आमच्या वरच्या वर्गांतील कित्येक मुलांस मात्र या राजाची ओळख निराळ्याच वाटेनें झाली आहे. ‘सिव्हिलायझेशन’ या नांवाची संगणकीय खेळांची एक प्रसिद्ध मालिका आहे; तिच्यांतील पांचवा खेळ २०१० सालीं निघाला व पुढील वर्षीं त्यांत डेन्मार्कची भर पडली. खेळणारानें एक राष्ट्र घ्यावें, नगरें वसवावीं, रस्ते बांधावे, विद्या वाढवावी, प्रसंगीं लढावें, व हजारों वर्षांचा काळ पाळीपाळीनें ओलांडीत जगांत श्रेष्ठ ठरावें, असा त्याचा एकंदर प्रकार. प्रत्येक राष्ट्रास एक ऐतिहासिक नेता व एक खास गुण दिलेला असतो. डेन्मार्कचा नेता हॅराल्ड नीलदंत. आणि त्याचा गुण? समुद्रावरील त्याच्या सैन्यास एक पाऊल अधिक चालतां येतें, जहाजांतून किनाऱ्यावर उतरण्यास त्यास फारसे श्रम पडत नाहींत, आणि त्याच्या पायदळास शत्रूचीं शेतें व खाणी लुटण्यास चालीचा कांहींही खर्च पडत नाहीं. थोडक्यांत, लूट फुकट!

मी या खेळाचा द्वेष्टा नाहीं. चार तास बसून विचार करावयास लावणारा खेळ मुलांच्या हातीं आहे, याचें मला एका अर्थीं समाधानच वाटतें. माझा आक्षेप एवढाच आहे, कीं एका माणसाच्या आयुष्यांतून निवड करितांना त्या माणसानें स्वतः काय निवडिलें होतें हें निदान पाहावयास हवें होतें. आणि हॅराल्डच्या बाबतींत तें पाहणें अगदीं सोपें आहे, कारण त्यानें तें दगडावर कोरून ठेविलें आहे.

डेन्मार्कमध्यें येलिंग या गांवीं दोन शिला उभ्या आहेत. लहान शिला गोर्म राजानें आपल्या पत्नीच्या स्मरणार्थ उभारली. मोठी हॅराल्डची. तिच्यावर तो सांगतो कीं, हें स्मारक पिता गोर्म व माता थीरा यांच्यासाठीं केलें. आणि पुढें स्वतःविषयीं तीनच गोष्टी सांगतो: सारें डेन्मार्क मिळविलें, नॉर्वे मिळविलें, व डेन लोकांस ख्रिस्ती केलें. शिलेच्या एका बाजूस वेलींच्या गुंत्यांत हात पसरलेला ख्रिस्त कोरलेला आहे. या राजानें एकाही लुटीचा उल्लेख त्या दगडावर करविला नाहीं!

येथें कोणी म्हणेल कीं, हा मास्तर ख्रिस्ती आहे, म्हणून त्यास ख्रिस्ती झालेल्या राजाचा कळवळा. तसें नाहीं. ‘डेन लोकांस ख्रिस्ती केलें’ हे राजाचे शब्दच मला खटकतात. श्रद्धा ही राजानें प्रजेस वांटावयाची वस्तु नव्हे. जो येतो त्यानें आपल्या पायांनीं यावें. शिवाय हॅराल्डच्या बाप्तिस्म्यास राजकारणाचा वास येतो, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. दक्षिणेस जर्मन सम्राट ऑटो याचें बलाढ्य ख्रिस्ती राज्य सीमेस भिडलेलें होतें. मूर्तिपूजक राहून त्याच्याशीं नातें राखणें अवघड होतें. त्याच काळीं लिहिणारा सॅक्सन मठवासी विडुकिंड मात्र निराळी कथा सांगतो. मेजवानींत वाद निघाला. डेन लोक म्हणाले, ख्रिस्तही देव आहे, पण आमचे देव त्याहून मोठे. तेव्हां पोप्पो नांवाचा धर्मगुरु उठून म्हणाला, देव एकच. राजानें प्रमाण मागितलें; पोप्पोनें तापलेलें लोखंड हातीं धरिलें, आणि हात न पोळलेला पाहून राजानें ख्रिस्ताचा स्वीकार केला. चमत्कार घडला कीं नाहीं याचा निवाडा मी करीत नाहीं. सम्राटाचें भय आणि खरी श्रद्धा एकाच अंतःकरणांत शेजारीं शेजारीं नांदूं शकतात, एवढें मनुष्यस्वभावाविषयीं मला ठाऊक आहे.

आणि जातां जातां हेंही सांगतों. इंग्रज कंपनीनें मिशनऱ्यांस आपल्या मुलखांत थारा दिला नाहीं, तेव्हां १८०० सालीं विल्यम केरी ज्या श्रीरामपुरीं जाऊन राहिला, तें डॅनिश निशाणाखालचें गांव होतें. १८०५ सालीं त्याचें मराठी व्याकरण तेथेंच छापलें गेलें. त्याचें श्रेय नीलदंतास देणें वेडेपणाचें होईल. परंतु त्या निशाणाशीं आपल्या भाषेचें असें नातें आहे, तें मराठी मुलांच्या कानांवर असावें.

परंतु मला सर्वांत अधिक बोलावयाचें आहे तें पुलाविषयीं. येलिंगच्या दक्षिणेस रावनिंग येथें, नदीकांठच्या दलदलीवर, हॅराल्डच्या काळीं, म्हणजे ९८० च्या सुमारास, सुमारें ७६० मीटर लांब व ५ मीटर रुंद असा ओक लांकडाचा पूल बांधला गेला. त्यासाठीं किती झाडें तोडिलीं असतील, किती बैल राबले असतील, याची कल्पना ज्यानें गांवचा साधा ओढ्यावरील सांकव बांधतांना पाहिला आहे त्यास येईल. याच सुमारास ट्रेलेबोर्गसारखे वर्तुळाकार किल्लेही उठले. ते इतके रेखीव आहेत कीं, आंखणी करणारा भूमितींत तरबेज असला पाहिजे. २०२३ सालीं युनेस्कोनें असे पांच किल्ले जागतिक वारशाच्या यादींत घातले. आतां खेळाचा नियम पाहा: बांधलेल्या रस्त्यासाठीं दर पाळीस सोनें मोजावें लागतें, आणि दुसऱ्याचें शेत लुटलें कीं लुटणाऱ्या तुकडीची दुखापत भरून निघते. चित्र विसरतें, संवाद विसरतात. नियम मात्र बोटांत मुरतो, कारण तो शंभर वेळां हातून घडतो. पूल बांधणाऱ्या राजाचें नांव घेऊन मुलगा शंभर वेळां लुटतो, आणि शंभरही वेळां त्याचा फायदाच होतो.

व्हायकिंग लुटारू नव्हते असें माझें म्हणणें नाहीं. ७९३ सालीं लिंडिसफार्नचा मठ त्यांनींच लुटिला. तेथील साधूंस कोणी खेळांतलें म्हणून सांगितलें असतें तर पटलें नसतें. पण लूटच दाखवावयाची होती तर हॅराल्डचा पुत्र स्वेन जवळच होता. त्यानें इंग्लंडास वर्षानुवर्षें छळून खंडणी उकळली व अखेर १०१३ सालीं तेथील सिंहासनही घेतलें. त्याच स्वेननें बापाविरुद्ध बंड केलें. जखमी हॅराल्ड स्लाव लोकांच्या आश्रयास पळाला व तेथेंच वारला. मग त्याचें प्रेत रोस्किल्ड येथें त्यानेंच बांधलेल्या चर्चमध्यें आणून पुरलें, असें ब्रेमेनचा अ‍ॅडम लिहितो. अशा घरांत लूट फुकट होती असें कोण म्हणेल?

मालिकेच्या २०१६ सालच्या सहाव्या खेळांत नॉर्वेचा हॅराल्ड हार्डराडा आला. त्यासही किनारे लुटण्याचाच गुण मिळाला. त्याचें मला वाईट वाटत नाहीं. तो आयुष्यभर लढलाच, व १०६६ सालीं स्टॅमफर्ड ब्रिज येथें लढतांच पडला.

खेळांत एक ज्ञानकोशही जोडलेला असतो, त्यांत नेत्यांचा इतिहास वाचावयास मिळतो. तो उघडून पाहणारी मुलें वर्गांत किती आहेत, तें मी विचारून पाहणार आहें. आणखी एक काम त्यांस सांगावयाचें आहे. नीलदंतासाठीं नवा नियम तयार करा. माझा नियम असा: या राजाच्या रस्त्यांस व पुलांस देखभालीचें सोनें लागूं नये. याहून चांगला ज्यास सुचेल त्यानें तो पुढील वर्षाच्या अंकासाठीं दिवाळीच्या सुटीपूर्वीं संपादकांकडे द्यावा.