रिपोर्ट नॉर्मल, मग आजार खोटा?

"रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणजे सगळी सोंगे!" महिनोन्महिने न झोपणाऱ्या, गप्प बसणाऱ्या सुनेबद्दल घरात असे बोलले जाते. बंधू-भगिनींनो, हा तिच्यावर अन्याय आहे.

मधुमेहाची साखर रक्तात सापडते. नैराश्य किंवा स्किझोफ्रेनिया खात्रीने दाखवणारी रक्ततपासणी मात्र आजही नाही. प्रयत्न झाले. १९८१ साली अमेरिकेत डॉ. बर्नार्ड कॅरोल यांनी एक तपासणी मांडली. रात्री डेक्सामेथासोनची गोळी द्यायची, दुसऱ्या दिवशी रक्तातले कॉर्टिसोल मोजायचे. निरोगी माणसात ते उतरते, तीव्र नैराश्याच्या अनेक रुग्णांत उतरत नाही. पण कित्येक रुग्णांत ते उतरले आणि वजन घटलेल्या, नुकतीच दारू सोडलेल्या माणसांत चढेच राहिले. निदानासाठी ती तपासणी अपुरी ठरली.

मग डॉक्टर रक्त कशाला काढतात? थायरॉइड मंदावले, रक्त कमी झाले, बी-१२ घटले, तरी माणूस थकतो, उदास होतो. तसे निघाले तर औषध वेगळे. लिथियम चालू असेल तर त्याचे रक्तातले प्रमाण मोजावेच लागते. या तपासण्या टाळू नका.

मनाच्या आजाराचे निदान विचारपूस करूनच होते. म्हणून सोबत जा. झोप, जेवण, कामावरचे खाडे, मरणाची भाषा, सारे डॉक्टरांना सांगा. १४४१६ या सरकारी टेलि-मानस क्रमांकावर मराठीतून मोफत सल्ला मिळतो.

कागदावर दिसत नाही म्हणून माणसाचे दुखणे खोटे ठरवू नका.