बॉण्डवरचे घर स्वस्त नसते

वाळूज किंवा चिकलठाणा एमआयडीसीत ठेकेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाला विचारा, भाई, महिन्याचा सगळ्यात मोठा खर्च कोणता? औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, बहुधा एकच उत्तर येईल: घरभाडे. गॅस, तेल, शाळेची फी हे सगळे आहेच. पण किराणा थोडा आखडता येतो, जुना युनिफॉर्म आणखी एक वर्ष चालवता येतो. भाडे मात्र पाच तारखेला पूर्ण द्यावेच लागते.

शहरात जागा महाग का झाली, याचे कारण लपलेले नाही. सप्टेंबर 2019 मध्ये शेंद्र्याला ऑरिक या औद्योगिक शहराचे उद्घाटन झाले. डिसेंबर 2022 मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तो या शहराला लागूनच जातो. जुलै 2024 मध्ये टोयोटा किर्लोस्करने सुमारे 20 हजार कोटींच्या प्रकल्पासाठी राज्य सरकारशी करार केला, तोही याच जिल्ह्यासाठी. या गोष्टी चांगल्याच आहेत, आपल्या मुलांना आयटीआयनंतर कुठेतरी काम लागेलच. पण कारखान्याची भिंत उभी राहायच्या आधी प्लॉटिंगचे बोर्ड उभे राहतात. नोकरी येते तीन-चार वर्षांनी, जमिनीचा भाव मात्र बातमी आली त्याच आठवड्यात वाढतो. मधल्या वर्षांत ज्याचा पगार तेवढाच राहतो, तो माणूस शहराच्या बाहेर ढकलला जातो.

आपल्या लोकांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या आसपास होती आणि त्यात जवळपास तीस टक्के मुसलमान होते. पण भाड्याच्या घरांचा बाजार तीस टक्क्यांसाठी सारखा खुला नाही. टू-लेटचा बोर्ड असतो, फोनवर भाडे ठरते, आणि नाव सांगितले की घर 'आत्ताच दिले गेले' असते. मग सगळे फिरून किराडपुरा, रोशन गेट, कटकट गेट, बायजीपुरा, नाहीतर नारेगाव-मिसारवाडी. मागणी एवढ्याच गल्ल्यांत कोंबली गेली तर तिथले घरमालक, जे आपलेच असतात, तेही भाडे वाढवणारच. एका खोलीला पार्टिशन टाकून दोन भाडेकरू ठेवणारेही आपलेच. भेदभाव बाहेरचा करतो, त्याची वसुली मोहल्ल्यातला करतो, हे कडू आहे पण खरे आहे.

भाड्याला कंटाळलेला माणूस मग प्लॉट शोधतो. वीस बाय तीस, म्हणजे 600 चौरस फूट, अर्ध्या गुंठ्यापेक्षा थोडा जास्त. शहराच्या कडेला कोणीतरी शेतकऱ्याकडून एकर-दोन एकर घेतलेले असते, चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात. एनए नाही, लेआउट मंजूर नाही. व्यवहार होतो 'बॉण्ड'वर. आधी 100 रुपयांचा बॉण्ड असायचा, ऑक्टोबर 2024 पासून बहुतेक कामांसाठी तो 500 चा झाला. त्यावर मजकूर, दोन साक्षीदार, नोटरीचा लाल शिक्का. घेणारा तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवतो आणि म्हणतो, माझे घर झाले.

कायद्याच्या नजरेत झालेले नसते. 100 रुपयांपेक्षा जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते. नुसत्या कराराने किंवा मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2011 मध्ये सूरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट सांगून टाकले. नोटरी फक्त सही कोणी केली ते पाहतो, जमीन कोणाची आहे ते नाही. त्यामुळे तोच प्लॉट विकणाऱ्याने आणखी दोघांना विकला तर भांडण पोलीस स्टेशनला जाते आणि तिथून वर्षानुवर्षे कोर्टात.

तरी लोक बॉण्डवर का घेतात? अक्कल नाही म्हणून नाही. दोन कारणे आहेत. पहिले सरकारी आहे. जुलै 2021 मध्ये नोंदणी विभागाने परिपत्रक काढून तुकड्यांच्या खरेदीखताची नोंदणीच रोखली. मे 2022 मध्ये आपल्याच शहरातल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ते रद्द केले, पण तेवढ्याने गोंधळ मिटला नाही. ज्याला रजिस्ट्री करायची होती त्यालाही त्या काळात बॉण्डशिवाय मार्ग उरला नाही. दुसरे कारण आपले स्वतःचे. बँकेचे व्याज नको म्हणून अनेक दीनदार माणसे कर्जाच्या वाटेला जात नाहीत आणि प्लॉटवाल्याकडे हप्त्याने घेतात. हप्त्याने थोडी जास्त किंमत देणे हा सौदा आपल्याकडे चालतो, त्यात मला वाद घालायचा नाही. पण सौदा उधारीचा असेल तर लिहून ठेवण्याची ताकीदही आपल्याच दीनमध्ये आहे. सहा लाख रुपये भिशीतून, दागिने मोडून, सौदीतल्या भावाकडून आणून द्यायचे आणि बदल्यात इसार पावती घ्यायची, हे कोणत्या हिशोबात बसते?

आता महिन्याचे गणित मांडू. समजा, कटकट गेटला 6,000 रुपये भाडे भरणारे कुटुंब हर्सूलच्या पलीकडे बॉण्डच्या प्लॉटवर दोन खोल्या बांधून राहायला गेले. नळ नाही, म्हणून टँकरमध्ये वाटा, धरा 1,000. पिण्यासाठी रोज 20 रुपयांचा एक जार, 600. कामावर जायला जास्तीचे पेट्रोल 1,800. दोन मुलांची व्हॅन 1,600. झाले 5,000. म्हणजे भाडे वाचले म्हणून जे सहा हजार हातात येणार होते, त्यातले हजार उरले. बांधकामासाठी खासगी फायनान्सकडून उचल घेतली असेल तर तेही नाही, कारण कागद नसलेल्या घरावर बँक गृहकर्ज देत नाही. व्याज टाळायला निघालेला माणूस शेवटी बँकेपेक्षा कितीतरी महाग व्याज भरत बसतो, हे मी स्टाफरूमपासून चहाच्या टपरीपर्यंत ऐकत आलो आहे.

पाण्याचे तर विचारूच नका. जायकवाडी पन्नास-साठ किलोमीटरवर आहे, आणि शहरात नळाला पाणी येते ते काही दिवसांच्या अंतराने. डिसेंबर 2020 मध्ये 1,680 कोटींच्या नव्या योजनेचे भूमिपूजन झाले, पुढे तिचा खर्च 2,700 कोटींच्या वर गेला. 2022 मध्ये पाणीपट्टी जवळपास निम्मी केली, ते बरे झाले. पण ज्याच्या गल्लीत पाइपच नाही त्याला पाणीपट्टीची सवलत काय कामाची? तो गरीब असून लिटरमागे बंगलेवाल्यापेक्षा जास्त देतो.

सरकारी घरकुलाचेही तसेच. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर बांधायला केंद्र-राज्य मिळून अडीच लाखांपर्यंत मदत मिळते, पण जागा नावावर असल्याचा पुरावा लागतो. बॉण्ड चालत नाही. जागाच नसलेल्यांसाठी महापालिकेने सुमारे 40 हजार घरांची निविदा काढली होती. त्यात घोटाळ्याचा गुन्हा नोंदला गेला आणि मार्च 2023 मध्ये ईडीचे छापे पडले. ज्यांनी उन्हात रांगा लावून फॉर्म भरले होते, त्यांच्या पोचपावत्या अजून घरात पडून असतील.

शाळेत हे सगळे मला दाखल्याच्या अर्जांमधून दिसते. ऐन दिवाळीनंतर पालक येतात, "सर, टीसी द्या, घर बदलले." सहामाही झालेली, पुस्तके दिलेली, आणि मूल दुसऱ्या टोकाला. आरटीईच्या 25 टक्के जागांसाठी अर्ज करताना भाडेकरूला नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि शाळा घरापासून एक ते तीन किलोमीटरच्या आत असावी लागते. दरवर्षी लॉटरीत नंबर लागलेली काही मुले निव्वळ या एका कागदावरून बाहेर पडतात.

भाडेकराराबद्दल एक गैरसमज फार पक्का आहे: अकरा महिन्यांचा असेल तर नोंदणी लागत नाही. महाराष्ट्रात लागते. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी घरमालकाची आहे आणि चुकवली तर दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शहरात नोंदणी फी 1,000 रुपये आहे आणि मुद्रांक एकूण भाड्याच्या पाव टक्क्याच्या हिशोबाने. एवढे पैसे अर्धे-अर्धे वाटून घेतले तर भाडेकरूच्या मुलाचा प्रवेश होतो, आधारचा पत्ता बदलतो आणि डिपॉझिट किती दिले होते त्यावर पुढे भांडण होत नाही. मोहल्ल्यातले घरमालक नमाजेला आपल्या शेजारीच उभे असतात, त्यांना हे सांगायला वकील लागत नाही.

प्लॉटवाल्यालाही प्रश्न विचारता येतात. 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर महारेराची नोंदणी लागते. एक एकर म्हणजे 4,000 चौरस मीटरच्या वर, तेव्हा बहुतेक प्लॉटिंग यात येते. नोंदणीकृत साठेखत केल्याशिवाय दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. नंबर मागितल्यावर जो चिडतो, त्याच्याकडे तो नसतो.

ज्यांनी आधीच घेऊन ठेवले आहे त्यांच्यासाठी सध्या दार थोडे उघडे आहे. 2001 चा गुंठेवारी कायदा 2021 मध्ये दुरुस्त झाला आणि 31 डिसेंबर 2020 पर्यंतची बांधकामे नियमित करता येऊ लागली. शहरात अशा शंभरावर वसाहती आहेत. शुल्क रेडीरेकनरशी जोडलेले असल्याने मजुराला ते जड जाते, म्हणून अनेकांनी अर्जच केला नाही. हप्ते आणि सवलत मागण्यासारखी जागा हीच आहे, आणि आपल्या नगरसेवकांनी चौकाच्या नावांवर जेवढा जोर लावला तेवढा इथे लावलेला मला तरी दिसला नाही. तुकडेबंदीतला दंड आधी बाजारभावाच्या 25 टक्के होता, तो 5 वर आला, आणि नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशाने 15 ऑक्टोबर 2024 पर्यंतचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याची वाट झाली. पण ज्याचा दस्त नुसता बॉण्डवर आहे त्याला आधी मुद्रांक भरून नोंदणीच करावी लागेल. मूळ विकणारा जिवंत आहे, शहरात आहे, सही करायला तयार आहे, तोवरच हे सोपे. तो गेला की त्याच्या सात वारसांच्या दारात उभे राहावे लागते, आणि तोवर जमिनीचा भाव पाहून प्रत्येकाची नियत फिरलेली असते.

2025 च्या जून-जुलैत मुकुंदवाडीपासून बीड बायपास, पैठण रोडपर्यंत रस्ता रुंदीकरणासाठी पाडापाडी झाली ती सगळ्यांनी पाहिली. अशा वेळी ज्याच्या हातात मंजुरीचा कागद असतो तो मोबदल्याबद्दल बोलू शकतो. बाकीचे सामान बाहेर काढायला वेळ मागत असतात.

खरेदीखत करायचेच असेल तर घरातल्या बाईच्या नावावर करा. एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घर घेतल्यास मुद्रांकात एक टक्का सवलत आहे. दहा लाखांच्या व्यवहारात 10,000 रुपये वाचतात, म्हणजे अकरा महिन्यांच्या भाडेकराराच्या नोंदणी फीच्या दहा पट. शिवाय ज्या दागिन्यांवर प्लॉट उभा राहिला ते बहुतेक वेळा तिचेच असतात.