टिटॅनियमचा ड्रायव्हर

'टिटॅनियमचा ड्रायव्हर' हे शब्द पहिल्यांदाच कानावर पडले तर तुमच्या डोळ्यांपुढे काय उभे राहील? मी वर्गात हा प्रश्न विचारला, तेव्हा मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, रिक्षा चालवणारा यंत्रमानव!" सारा वर्ग हसला, मीही हसलो. अंबरनाथ स्टेशनाबाहेर रोज रिक्षाच्या रांगेत उभे राहणाऱ्या मुलांना ड्रायव्हर म्हटल्यावर दुसरे काय सुचावे?

हा ड्रायव्हर गोल्फमधला आहे. गोल्फमध्ये चेंडू मारण्याच्या काठीला क्लब म्हणतात. त्यांतला सर्वांत लांब दांड्याचा आणि सर्वांत मोठ्या डोक्याचा क्लब म्हणजे ड्रायव्हर. छोट्या खुंटीवर ठेवलेला चेंडू पहिल्याच फटक्यात शक्य तितका दूर धाडायचा, हे त्याचे काम. तुमच्यापैकी बहुतेकांनी गोल्फ खेळलेला नसेल. मीही खेळत नाही. पण आमच्या इमारतीतले एक इंजिनियर गेली काही वर्षे रविवारी पहाटे खारघरला, सिडकोने तयार केलेल्या मैदानावर खेळायला जातात. एका संध्याकाळी ते तीन रंगीत माहितीपत्रके घेऊन माझ्याकडे आले. "सर, तुम्ही फिजिक्सचे. यातला कोणता घेऊ ते सांगा. दुकानदार म्हणतो, टिटॅनियम जेवढे भारी, तेवढा चेंडू लांब." प्रत्येकाची किंमत पन्नास हजारांच्या आसपास होती.

मी पत्रके बाजूला ठेवली आणि त्यांना फिरायला म्हणून शिवमंदिरात घेऊन गेलो. वालधुनीच्या काठचे हे आपले मंदिर शिलाहारांच्या काळातले. त्यातल्या शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० चा काळ कोरलेला आहे. सारे बांधकाम काळ्या बेसाल्ट दगडाचे. बाहेरच्या भिंतीला हात लावून मी म्हटले, "हे घ्या तुमचे टिटॅनियम." त्यांना वाटले, मी थट्टा करतो आहे. पण दख्खनच्या बेसाल्टमध्ये सर्वसाधारणपणे शेकडा दोन-तीन भाग टिटॅनियम ऑक्साइड असते. हाच दगड लाखो वर्षे झिजून त्यातले जड काळे कण समुद्राकडे वाहत गेले. रत्नागिरीजवळच्या काळबादेवीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू दिसते तिच्यात इल्मेनाइट हे टिटॅनियमचे खनिज आहे. पृथ्वीच्या कवचात विपुलतेच्या क्रमाने टिटॅनियमचा नंबर नववा लागतो. दुर्मिळ म्हणून हा धातू महाग, ही समजूत अगदी चुकीची आहे. तुमच्या घराच्या भिंतीला पांढरा रंग असेल तर त्यातही बहुधा टिटॅनियम ऑक्साइडच आहे!

महाग आहे ते त्याला ऑक्सिजनपासून सोडवणे. लोखंडाप्रमाणे कोळशाच्या भट्टीत घालून हा धातू हाती लागत नाही. खनिजावर क्लोरीनची क्रिया करून त्याचे क्लोराइड करायचे, मग हवेचा स्पर्श होऊ न देता तापलेल्या मॅग्नेशियमकडून क्लोरीन काढून घ्यायचा, तेव्हा कुठे स्पंजासारखा सच्छिद्र धातू मिळतो. ही पद्धत लक्झेंबर्गच्या विल्यम क्रोल यांनी बसवली. भारतात केरळमधील चवरा येथे २०११ सालापासून असा स्पंज तयार होऊ लागला. आपल्या गावात आयुध निर्माणी आहे, नौदलाची सामग्री संशोधन प्रयोगशाळा आहे. धातूंच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली मुले माझ्या वर्गात दरवर्षी असतात. त्यांनी तरी 'भारी धातू' हा शब्द जपून वापरावा असे मला वाटते.

आता दुकानदाराच्या वाक्याकडे येऊ. टिटॅनियम चेंडूला जास्त जोराने का मारील? कठीण असते म्हणून? पोलाद त्याहूनही कठीण करता येते. मग कारण काय? वही-पेन्सिल घ्या. ड्रायव्हरचे डोके साधारण २०० ग्रॅमचे असते. त्याहून जड केले तर काठी वेगाने फिरत नाही. पूर्वी ही डोकी पर्सिमन नावाच्या लाकडाची, भरीव असत. ज्या टेंभुर्णीच्या पानांच्या विड्या वळतात, तिचाच हा अमेरिकेतला भाऊबंद. आता २०० ग्रॅम धातूचा पोकळ गोळा करायचा आहे आणि त्याचे आकारमान ४६० घन सेंटिमीटर हवे आहे असे समजा. अशा गोळ्याचा पृष्ठभाग सुमारे २८८ चौरस सेंटिमीटर भरतो. पोलादाची घनता ७.८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर, म्हणजे पत्रा सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीचा होईल. टिटॅनियमची घनता ४.५, म्हणजे जाडी दीड मिलिमीटरच्या वर जाईल. हा जास्तीचा पत्रा सगळीकडे सारखा न पसरता समोरच्या तोंडाकडे वळवता येतो. आणि ते तोंड बळकट असावेच लागते, कारण चेंडू त्याला जेमतेम अर्धा मिलिसेकंद चिकटून असतो आणि तेवढ्यात सुमारे ५,५०० न्यूटन सरासरी बलाने ढकलला जातो. अर्ध्या टनाहून जास्त ओझे म्हणा ना!

तेव्हा टिटॅनियमचा गुण त्याच्या 'भारी'पणात नसून हलकेपणात आहे. हलके आणि तरीही बळकट, म्हणून डोके मोठे करता येते. मोठ्या डोक्याचे वस्तुमान मध्यापासून दूर पसरलेले असते. त्यामुळे चेंडू तोंडाच्या मधोमध न लागता थोडा कडेला लागला तरी डोके हातात गरकन वळत नाही आणि फटका फारसा वाया जात नाही. साध्या खेळाडूला टिटॅनियमचा खरा फायदा हाच होतो.

दुसरा फायदा तोंडाच्या पत्र्याचा. तो बळकट असल्याने पातळ ठेवता येतो, आणि पातळ पत्रा आघाताने किंचित आत दबून परत उसळतो. चेंडू चेपला की ऊर्जेचा बराच भाग उष्णतेत जातो. पत्रा दबला की चेंडू कमी चेपतो, आणि पत्र्याने घेतलेली ऊर्जा जवळजवळ सगळी परत मिळते. टक्कर झाल्यावर दोन वस्तू ज्या वेगाने एकमेकींपासून दूर जातात, त्याला टक्करीपूर्वीच्या जवळ येण्याच्या वेगाने भागले की जो आकडा येतो, त्याला आपण उसळीचा गुणांक म्हणू. भरीव लाकडासाठी तो ०.७८ धरा, चांगल्या टिटॅनियमच्या तोंडासाठी ०.८३. चेंडू ४६ ग्रॅमचा, डोक्याचा वेग सेकंदाला ४० मीटर. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने गणित केले तर चेंडूचा वेग पहिल्या वेळी ५७.९ मीटर येतो आणि दुसऱ्या वेळी ५९.५ मीटर. फरक शेकडा तीनाहूनही कमी! दोनशे मीटरच्या फटक्यात पाच-सहा मीटर. हे काहीच नाही असे मी म्हणत नाही, पण जाहिरातीतली भाषा वाचल्यावर मनात येते ते हे नव्हे.

शिवाय यापुढे हा आकडा वाढायचाही नाही. अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९९८ साली उसळीच्या गुणांकाला ०.८३ ची मर्यादा घातली, आणि २००४ पासून डोक्याच्या आकारमानाला ४६० घन सेंटिमीटरची. त्याची चाचणी शाळेतल्या प्रयोगासारखी आहे. लंबकाला लावलेला पोलादी गोळा क्लबच्या तोंडावर आपटायचा आणि तो किती काळ टेकून राहिला ते मोजायचे. २३९ मायक्रोसेकंद, वर १८ ची सवलत. त्याहून जास्त वेळ टेकला तर तोंड प्रमाणाबाहेर लवचिक आहे. २०१९ च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेच्या वेळी झँडर शॉफेले या नामांकित खेळाडूचा ड्रायव्हर या चाचणीत नापास झाला आणि त्याला दुसरा वापरावा लागला. चांगले ड्रायव्हर मर्यादेला टेकून उभे असताना दरवर्षीचे नवे मॉडेल मधोमध लागलेल्या चेंडूला आणखी वेग देणार तरी कुठून?

माझे मत विचाराल तर अशी मर्यादा असणे योग्यच आहे. आमच्या स्टाफरूममध्ये यावर वाद झाला. एक सहकारी म्हणाले, "विज्ञानाला असे कुंपण कशाला घालायचे?" कुंपण विज्ञानाला नाही, स्पर्धेला आहे, असे मी म्हटले. एस. एस. पी. चौरसिया हा कोलकात्यातल्या गोल्फ क्लबच्या माळ्याचा मुलगा. त्याने २००८ साली दिल्लीत इंडियन मास्टर्स जिंकली, पुढे २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपन. दर दोन वर्षांनी नवा धातू निघाला आणि त्याने वीस-वीस मीटर वाढू लागले, तर अशा मुलांनी खेळात पाऊल कसे टाकायचे?

पण सहकाऱ्यांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नव्हता. क्रिकेटकडे पाहा. डिसेंबर १९७९ मध्ये पर्थच्या कसोटीत डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन उतरला. चेंडू खराब होतो अशी इंग्लंडच्या कर्णधाराने तक्रार केली आणि लवकरच नियम झाला, पाते लाकडाचेच हवे. २०२१ साली केंब्रिजच्या संशोधकांनी बांबूच्या पट्ट्या जोडून बॅट केली तेव्हा याच नियमावर गाडे अडले. बांबू हे गवत, लाकूड नव्हे! सिंधुदुर्गात आणि गडचिरोलीत बांबूची बेटे असणाऱ्या आपल्या राज्यातल्या मुलांनी या 'गवता'वर विचार करण्यासारखा आहे. गोल्फचा नियम परिणाम मोजतो, धातूचे नाव विचारत नाही. क्रिकेटचा हा नियम नाव विचारतो. मला पहिला नियम शास्त्रशुद्ध वाटतो. २०१७ साली क्रिकेटनेही बॅटच्या जाडीला ६७ मिलिमीटर आणि कडेला ४० मिलिमीटर अशी मर्यादा घातली. ती मात्र मोजण्याच्या वाटेवरची आहे.

इंजिनियरसाहेबांचे पुढे काय झाले? मी त्यांच्याबरोबर एका रविवारी खारघरला गेलो. तेथे खेळाडूंच्या क्लबांची पिशवी वाहणारी मुले असतात, त्यांना कॅडी म्हणतात. त्यांतला विशीतला एक जण माझ्या कानाशी म्हणाला, "सर, साहेबांचा क्लब नऊ डिग्रीचा आहे. चेंडू उठतच नाही." क्लबचे तोंड किती अंशांनी मागे कललेले आहे त्याचा हा आकडा. कमी अंशांचा क्लब वापरणे म्हणजे पट्टीचा खेळाडू, अशी एक समजूत आहे. पण चेंडू उलटा गरगरत जातो म्हणून हवा त्याला वर उचलते, आणि ज्याचा फटका संथ आहे त्याच्या चेंडूला ही उचल कमी मिळते. त्याला तोंडाचा कल जास्त हवा. त्या मुलाकडे बारा अंशांचा टिटॅनियमचाच ड्रायव्हर होता, कोण्या सभासदाने नवा घेतल्यावर दिलेला, दहा-बारा वर्षांचा जुना.

आम्ही साहेबांचा क्लब, मित्राकडून मागून आणलेला नवा कोरा आणि या मुलाचा जुना, अशा तिन्ही डोक्यांवर काळी चिकटपट्टी लावली. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला. प्रत्येकाने दहा चेंडू मारायचे आणि अंतर मी पावलांनी मोजायचे. एकाच क्लबच्या दहा फटक्यांत चाळीसएक पावलांची तफावत पडत होती. पहिल्या दोन क्लबांच्या सरासरीत जेमतेम चार पावलांचा फरक होता; म्हणजे दहा फटक्यांवरून कोणता सरस, हे सांगताच येत नव्हते. जुना बारा अंशांचा मात्र दोघांच्याही बराच पुढे गेला. गंमत अशी की नव्याचा 'खण्ण' असा आवाज आला की साहेब दर वेळी म्हणत, "हा गेला बघा!" मी मोजून यायचो, तर तो गेलेला नसायचा. शेवटी मी त्यांना कानांत कापूस घालायला लावला.

त्यांनी नवा ड्रायव्हर घेतला नाही. बारा अंशांचा जुना एक शोधून घेतला आणि उरलेल्या पैशांतून शिकवणी लावली.

आता तुमची पाळी. टेनिसच्या चेंडूने खेळण्यासाठी नवी बॅट हवी म्हणून तुम्ही घरी हट्ट धरला असेल, तर आधी हे करा. मित्रांच्या दोन-तीन बॅटी मागून आणा, त्यात एक स्वस्त आणि एक महाग असू द्या. दोन विटांवर बॅट आडवी ठेवा. एक मीटर उंचीवरून चेंडू नुसता सोडा, फेकू नका, आणि तो किती सेंटिमीटर उसळतो ते भिंतीवर लावलेल्या पट्टीवर वाचा. पात्याच्या टोकापासून दर पाच सेंटिमीटरवर दहा-दहा वेळा करा. सर्वांत जास्त उसळी कोठे मिळते त्याची खूण करा. साध्या फरशीवरही करून पाहा. नियमाप्रमाणे चांगला टेनिसचा चेंडू तेथे ५३ ते ५८ सेंटिमीटर उसळायला हवा. आकडे वाचणाऱ्याला कोणती बॅट कितीची आहे हे सांगू नका. शिक्षकांनी हा प्रयोग नववी-दहावीला तासाला घ्यायला हरकत नाही. आलेले आकडे, चुकलेले आणि न जुळणारेसुद्धा, मासिकाच्या पत्त्यावर अवश्य पाठवा.