बक्षिशी नव्हे, वेतन!

पूजेच्या सुट्टीत कोलकात्याला येणाऱ्या आणि तेथून दार्जिलिंगकडे निघणाऱ्या मध्यमवर्गीय प्रवाशाला हल्ली एका नव्या शास्त्राचे धडे दिले जातात. सामान उचलणाऱ्याला किती द्यावे, खोली आवरणाऱ्या बाईला किती, वाढप्याला बिलाच्या किती टक्के, दार उघडून सलाम करणाऱ्या दरवानाला किती, याची तयार कोष्टके त्याच्या हाती पडतात. या कोष्टकांना शिष्टाचार असे भारदस्त नाव आहे. त्यांत सर्व रकाने असतात. फक्त एक नसतो. बारा बारा तास उभ्या असलेल्या त्या दरवानाला हॉटेलचा मालक किती देतो, हा तो रकाना होय. तो भरला की शिष्टाचाराचा प्रश्न उरत नाही, वेतनाचा प्रश्न उभा राहतो. म्हणूनच तो कोरा ठेवला जातो.

एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात ग्रेट ईस्टर्नसारखी हॉटेले गोऱ्या साहेबांसाठी उभी राहिली. खुशीत असलेला साहेब बक्षिशी फेकी आणि खानसामा ती झुकून उचली. साहेब गेला, झुकणे मात्र राहिले. पूर्वी ती साहेबाची मर्जी होती, आज ती मालकाच्या हिशेबातील एक ठरीव बाब झाली आहे. नोकरीला लावताना कामगाराला सांगितले जाते, “पगार कमी असला तरी वरची कमाई चांगली आहे.” याचा सरळ अर्थ असा की, वेतनाचा एक हिस्सा मालकाने आपल्या खांद्यावरून उतरवून गिऱ्हाइकाच्या लहरीवर टाकला आहे.

पण हाच मालकवर्ग न्यायालयात गेला की त्याची भाषा बदलते. कोलकात्यात मुख्यालय असलेल्या आयटीसी कंपनीच्या प्रकरणात २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, गिऱ्हाइकाने कार्डावरून दिलेली आणि हॉटेलने कामगारांत वाटलेली टिप हा पगार नव्हे. म्हणून मालकाने त्यावर पगाराप्रमाणे प्राप्तिकर कापण्याचे कारण नाही. टिप ऐच्छिक आहे आणि तिचा उगम गिऱ्हाइकात आहे, मालकात नाही, हे त्यामागचे तर्कशास्त्र. कायद्याच्या दृष्टीने ते ठीकच आहे. परंतु टिप जर पगार नव्हे, तर पगार ठरविताना तिचा हवाला कोणत्या तोंडाने दिला जातो? भविष्यनिर्वाह निधीच्या वर्गणीत तिची गणना नाही, ग्रॅच्युइटीत नाही, आजारपणाच्या भत्त्यात नाही. तीस वर्षे टिपांवर संसार चालविणारा वाढपी निवृत्त होतो तेव्हा त्याच्या हाती येते ती केवळ तुटपुंज्या मूळ वेतनाची बेरीज. हा कोणा एका कंपनीचा दोष नव्हे. ही धंद्याची रीतच आहे.

सेवाशुल्काचेही तेच. बिलात सक्तीने सेवाशुल्क लावण्याच्या प्रथेविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलमालकांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ रोजी तेथे हरल्या. या वादात मालकांनी कामगारांच्या हिताची ढाल पुढे केली होती. कामगारांविषयी एवढा कळवळा असेल तर मार्ग सोपा आहे. पदार्थाचा आणि खोलीचा दर उघडपणे वाढवावा आणि ती वाढ मूळ वेतनात घालावी. मात्र मूळ वेतन वाढले की निधीची वर्गणी वाढते, ग्रॅच्युइटी वाढते, आणि दिलेले परत घेता येत नाही. कळवळा नेमका तेथेच आटतो!

मेहेरबानीचे हक्कात रूपांतर होऊ शकते काय? होऊ शकते, आणि ते झालेही आहे. दिवाळीची पोस्त महाराष्ट्राच्या परिचयाची आहे आणि पूजेची बकशिश बंगालच्या. मुंबईच्या गिरणीमालकांनी पहिल्या महायुद्धाच्या काळात सुरू केलेला बोनस पुढे थांबविला, तेव्हा १९२४ मध्ये गिरणी कामगारांनी प्रदीर्घ संप केला. सरन्यायाधीश मॅक्लिऑड यांच्या समितीने निवाडा दिला की, बोनसवर कामगारांचा कसलाही हक्क नाही. कामगार त्या वेळी हरले, पण प्रश्न मिटला नाही. १९५० मध्ये मुंबईच्याच गिरण्यांच्या तंट्यात अपील न्यायाधिकरणाला बोनसचे सूत्र ठरवावे लागले. १९५९ मध्ये कोलकात्याच्या इस्पहानी कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, बंगालमधील पूजेचा बोनस ही नोकरीची गर्भित अट ठरू शकते. आणि १९६५ मध्ये बोनसचा कायदा झाला. जी काल बकशिश होती तिच्यासाठी आज कोणी हात पसरत नाही; न मिळाल्यास कामगार दाद मागतो. हा बदल मालकांच्या हृदयपरिवर्तनाने झाला नाही, संघटित लढ्याने झाला.

टिप नसेल तर सेवा ढासळेल, असा युक्तिवाद केला जातो. रुग्णालयातील परिचारिका, आगगाडीचा चालक, टपाल वाटणारा पोस्टमन यांची सेवा कोणत्या बक्षिशीवर चालते? टिपेने सेवा सुधारत नाही, लाचारी वाढते. खोली झाडणारी बाई गिऱ्हाइकाचा उर्मटपणा आणि कधी कधी त्याहूनही वाईट वर्तन गिळते, याचे कारण तिचा रोजचा खर्च त्याच्या खिशात अडकलेला असतो.

अमेरिकेत पुलमन कंपनीने शयनगाड्यांवर नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांना अल्प वेतनावर नेमले आणि बाकीचे प्रवाशांच्या टिपेवर सोडले. प्रवासी त्या सर्वांना मालकाच्या नावावरून “जॉर्ज” म्हणत. स्वतःचे नावही त्यांना ठेवले नव्हते. १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी संघटना बांधली आणि १९३७ मध्ये कंपनीला करार करणे भाग पाडले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९१ च्या १७२ व्या करारात हॉटेल कामगारांबाबत स्पष्ट म्हटले आहे की, टिप मिळो वा न मिळो, नियमित मूळ वेतन मिळालेच पाहिजे. भारत सरकारने त्यास मान्यता दिलेली नाही.

काही साथी याहून झटपट मार्ग काढतात. टिप ही सरंजामी प्रथा आहे, म्हणून ती आम्ही देत नाही, असे ते तात्त्विक समाधानाने सांगतात. या तत्त्वनिष्ठेची किंमत कोण मोजतो? मालकाचा एक पैसाही त्यात जात नाही. संध्याकाळी रिकाम्या खिशाने घरी जातो तो कामगार. व्यवस्थेविरुद्धचा बहिष्कार तिच्या बळीवर घालणे हा लढा नव्हे. जोवर वेतन अपुरे आहे तोवर टिप द्यावी. ती शक्यतो हातात द्यावी. समोर येणाऱ्या दरवानाबरोबर न दिसणाऱ्या झाडूवालीला आणि भांडी घासणाऱ्यालाही द्यावी. आणि त्या बदल्यात सलामाची अपेक्षा ठेवू नये. मात्र देऊन झाल्यावर कर्तव्य संपले असे मानू नये.

खरे काम तेथून पुढे आहे. टिपेचा विचार न करता किमान वेतन ठरले पाहिजे. कार्डावरून वा मोबाइलवरून मालकाच्या खात्यात जमा होणारी टिप पूर्णपणे कामगारांत वाटली गेली पाहिजे आणि तिचा हिशेब कामगारांच्या प्रतिनिधींसमोर उघडा असला पाहिजे. टिपेतून कपात करण्यास मालकांना मनाई करणारा कायदा ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून अंमलात आहे. तो येथेही होऊ शकतो. आणि या सर्वांत कंत्राटी कामगारांचा कायम कामगारांइतकाच वाटा असला पाहिजे, कारण टिपेच्या रांगेत सर्वांत शेवटी तेच उभे केले जातात.

चौरंगीवरील दरवानाने पाहुण्यासाठी दार जरूर उघडावे. तो त्याचा व्यवसाय आहे. त्यासाठी त्याला वाकावे लागू नये, एवढे वेतन त्याच्या पदरात पडले पाहिजे. पोस्तीचा बोनस ज्यांनी करून दाखविला, त्या कामगारवर्गाला बक्षिशीचे वेतन करणे अशक्य नाही.